वहिनींबरोबर एकवीस किलोमीटर

लग्न होऊन मी मुलुंडच्या चाळीत आले तेव्हा आमच्या दोन खोल्यांत आधीच पाच माणसं होती. सासूबाई, थोरले दीर, त्यांची बायको म्हणजे माझी थोरली जाऊ, त्यांची शाळकरी मुलगी आणि माझा नवरा. मी सहावी. सासऱ्यांचा फोटो दारासमोरच्या भिंतीवर होता, त्यांना मी पाहिलेलं नाही.

थोरल्या जावेला चाळीत सगळेच वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनी म्हणायला लागले. माझ्यापेक्षा त्या दहाएक वर्षांनी मोठ्या. माहेर मालवणजवळचं. उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलायला अगदी कमी. पहिली दोन वर्षं आम्ही एकाच ओट्याशी खांद्याला खांदा लावून स्वयंपाक केला, पण आमच्यात बोलणं म्हणजे "मीठ घातलंस?" "घातलं." "खोबऱ्याचं वाटप झालं?" "होतंय." एवढंच. त्या वाईट होत्या असं अजिबात नाही. माझ्या ताटात मासळीचा तुकडा कधी लहान पडला नाही. पण त्यांच्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते मला कळायचं नाही, आणि मला त्यांची जरा भीतीच वाटायची.

मी घाटकोपरला टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडून द्यायचे. आमच्या कँटीनच्या भिंतीवर एक दिवस शहरातल्या मॅरेथॉनचं पोस्टर लागलं. पूर्ण मॅरेथॉन आणि अर्धी, दोन्ही. बायकांनीही भाग घ्यावा असं खाली लिहिलं होतं. माझं माहेर साताऱ्याकडचं. शाळेत मी तालुक्यापर्यंत धावले होते, आणि ते मी डबा खाताना दहादा सांगून झालं होतं. शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, "सारखी सांगतेस ना धावायचीस म्हणून? दे की मग नाव."

"आता कुठलं धावणं," मी म्हटलं.

"का, पाय काढून घेतले का सासरच्यांनी?"

ती आपली गमतीत बोलली, पण ते माझ्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला काय, धाव ना. पण आईला तू विचार."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगून झाल्यावर त्यांनी फक्त एवढं विचारलं, "अर्धी म्हणजे कितकी?"

"एकवीस किलोमीटर. इथून दादरच्या जवळपास जाईल, आई."

"आणि त्यासाठी आधी काय करूचा लागतला?"

"रोज सकाळी उजाडताना धावायचं. हळूहळू वाढवायचं."

त्यांनी ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. त्या म्हणाल्या, "एकटी जावचा नाय. नवऱ्याची सकाळची कामाची पाळी असता. थोरली येतली वांगडा."

वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांना कोणी विचारलंही नाही. त्या वळल्या, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा भाकरी थापायला लागल्या.

अशी माझी मॅरेथॉन सुरू झाली.

आमच्या भागात डोंगराच्या पायथ्याने शहराला पाणी नेणारी मोठी पाइपलाइन जाते. माणूस आत उभा राहील एवढे ते लोखंडी पाइप, आणि त्यांच्या कडेने एक कच्ची वाट. ट्रक नाहीत, रिक्षा नाहीत, फक्त कुत्री आणि सकाळी लोटा घेऊन निघालेली माणसं. आम्ही तिथे जायला लागलो. मी पाचवारी साडीचा पदर खोचून धावायचे आणि वहिनी मागून चालत यायच्या. मी पुढे जाऊन वळायचे, त्यांच्यापर्यंत यायचे, पुन्हा पुढे जायचे. त्या पहारा करायला आलेल्या होत्या आणि पहारा चोख करत होत्या. एखादा पोऱ्या वाटेत उगाच रेंगाळला की त्या नुसत्या उभं राहून त्याच्याकडे बघत. तो निघून जायचा.

एक अडचण होती. नळाला पाणी नेमकं त्याच वेळेला यायचं, आणि पाणी भरणं वहिनींचं काम होतं. पहिल्या दिवशी आम्ही परत आलो तर सासूबाईंनी पिंप भरून ठेवलेलं होतं आणि थोरले दीर बनियनवर, खांद्यावर कळशी घेऊन जिना चढत होते. चाळीतल्या बायका गॅलरीत उभ्या राहून बघत होत्या. दिरांना इतकं लाजल्यासारखं झालं की जिन्यात आम्हाला बघून ते भिंतीला चिकटूनच उभे राहिले. पण दुसऱ्या दिवशीही त्यांनीच भरलं, आणि तिसऱ्या दिवशी कोणी बघायलाही आलं नाही.

आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की मी वळून परत येते तेव्हा वहिनी मला वाटतात त्यापेक्षा जवळ असतात. एकदा मुद्दाम मागे बघितलं तर त्या धावत होत्या. एका हाताने निऱ्या धरलेल्या, दुसरा हात छातीशी, आणि चेहरा अगदी नेहमीसारखा. मी बघते आहे हे दिसताच त्या चालायला लागल्या.

"धावा ना वहिनी," मी म्हटलं.

"चालून चालून पाय दुखतात," त्या म्हणाल्या. "धावलं की लवकर संपतं."

त्यांच्याकडे चपलांशिवाय काही नव्हतं. मुलीचे शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट त्यांच्या मापाचे होते, ते घालायला लागल्या. शनिवारी मुलीची पीटी असायची. मग शुक्रवारी संध्याकाळी बूट धुऊन, खडू पाण्यात कालवून पांढरे करून खिडकीत ठेवणं हेही त्यांच्या कामात जमा झालं. मुलगी कुरकुरायची, "आई, तुझ्यामुळे बुटांना घामाचा वास येतो." वहिनी म्हणायच्या, "मग तू येत जा धावायला. तुझा येईल."

पावसाळा संपल्यावर एका सकाळी वहिनी पडल्या. साडीचा काठ पायात आला आणि त्या पाइपाच्या कडेच्या दगडांवर आपटल्या. गुडघा चांगलाच फुटला होता. घरी आल्यावर सासूबाईंनी हळद लावली. त्या घरात सुनांनी साडीशिवाय काही नेसलेलं नव्हतं. माझे दोन पंजाबी ड्रेस माहेरून आणलेल्या पेटीत तळाशी पडून होते आणि ते तिथेच राहणार हे मी धरूनच चालले होते.

संध्याकाळी सासूबाई त्यांची एक जुनी, जांभळ्या फुलांची सुती साडी घेऊन खालच्या शिंप्याकडे गेल्या. दोन दिवसांनी एकाच साडीतून शिवलेले दोन ड्रेस आमच्यापुढे ठेवले. साडीच्या काठाच्याच ओढण्या. "पडान हाडां मोडून घेवची नाय," त्या म्हणाल्या. बस्स, त्या विषयावर त्या घरात झालेलं बोलणं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एकसारख्या जांभळ्या फुलांत जिना उतरलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आपण लग्नाच्या बँडवाल्यांसारख्या दिसतोय." मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं ते तेव्हा. आवाज न करता हसायच्या, खांदे तेवढे हलायचे.

अंतर वाढलं तशी पाइपलाइन पुरेना. मग आम्ही रविवारी मोठ्या रस्त्याने चेकनाक्यापर्यंत जायला लागलो. तिथे जकातीसाठी ट्रकची रांग लागलेली असायची. ड्रायव्हर लोक टायरला टेकून दात घासत, स्टोव्हवर चहा करत बसलेले. दोन बायका धावत जाताना बघून त्यांची करमणूक व्हायची. एकाने ओरडून विचारलं, "ताई, कोण मागे लागलंय?"

माझी मान खाली गेली. वहिनी न थांबता म्हणाल्या, "घरी दूध उतू जातंय."

सगळी रांग हसली. पुढच्या रविवारी दुसराच कोणी ड्रायव्हर ओरडला, "काय ताई, दूध गेलं का उतू?" म्हणजे गोष्ट एका ट्रकवरून दुसऱ्यावर गेली होती. त्यानंतर आम्हाला तिथे कोणी वेडंवाकडं बोललं नाही. उलट एकदा एका सरदारजीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी वहिनींना म्हटलं, "तुम्ही पण नाव द्या. नाहीतरी माझ्याएवढंच धावताय."

"माझं काय काम तिथे."

"माझं तरी काय आहे?"

त्या पुढे धावत राहिल्या. पण रात्रीच्या जेवणाला त्यांनी दिरांच्या ताटात आमटी वाढता वाढता सांगितलं, "माझं पण नाव द्या त्या शर्यतीत." दिरांनी घास हातात धरून आधी आईकडे बघितलं. सासूबाईंनी मला विचारलं, "अर्धीच मां? मगे उरलेली कोण धावतली?"

"उरलेली कोणी धावत नाही आई, ती वेगळी शर्यत असते."

"तसां कशाक. दोघी अर्धी अर्धी धावतल्यो, मिळान एक पुरी होतली," त्या म्हणाल्या आणि भाताकडे वळल्या. त्यांच्या दृष्टीने हिशेब बरोबर झाला होता. पुढे त्या चाळीत सगळ्यांना हेच सांगत, की आमच्या सुना मिळून सबंध मॅरेथॉन धावणार आहेत.

शर्यतीचा दिवस रविवारचा होता. मुंबईला थंडी म्हणावी इतपत थंडी होती. खालच्या बेकरीवाल्याची मेटॅडोर रोज पहाटे पाव टाकायला जायची. त्या दिवशी पाव लवकर टाकून तो आम्हाला आझाद मैदानाला सोडणार होता. गाडी चाळीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली होती आणि तेव्हाच मोरीत माझ्या लक्षात आलं की माझी पाळी आली आहे. अजून चार दिवस होते. धावण्याने असेल, काळजीने असेल, आधी आली.

मी दार किलकिलं करून वहिनींना हाक मारली आणि सांगितलं. त्या लगेच वळल्या. आत गेल्या, जुन्या धोतराच्या घड्या आणि नाडी घेऊन आल्या. "घट्ट बांध. दोन घड्या जास्तीच्या माझ्याकडे ठेवते," म्हणाल्या. "पळवेल ना तुझ्याने?"

"पळवेल. पण आईंना काय सांगू?"

आमच्या घरात ते चार दिवस देवाला, लोणच्याला हात लावायचा नाही असा नियम होता. दोन खोल्यांत बाजूला बसणं शक्यच नव्हतं, पण जेवढं पाळता येईल तेवढं सासूबाई पाळायच्या आणि पाळायला लावायच्या. आणि आत्ता त्या देवापुढे दिवा लावून, वाटीत दही-साखर घेऊन आमची वाट बघत होत्या.

"मी सांगते," वहिनी म्हणाल्या.

पण सांगावं लागलं नाही. वहिनी पुढे झाल्या, देवाला हात जोडले, सासूबाईंनी त्यांच्या तळहातावर दही ठेवलं. मी उंबऱ्याशीच उभी राहिले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग वहिनींकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. बाहेर मेटॅडोरचा हॉर्न वाजला. सगळे अवघडून उभे. माझा नवरा तर भिंतीवरच्या कॅलेंडरात काहीतरी बघायला लागला.

सासूबाई वाटी घेऊन उंबऱ्याशी आल्या. "हात पुढे कर," म्हणाल्या.

मी हात मागेच ठेवला. "आई, मला..."

"माका समजता. हात कर पुढे." त्यांनी माझं मनगट धरून हात पुढे ओढला आणि दही ठेवलं. "देवाचा काय तां मी बघतंय. पोटात दुखता?"

"थोडं."

त्यांनी चिमूटभर ओवा आणि मीठ माझ्या दुसऱ्या हातावर ठेवलं, वर गरम पाणी दिलं. मी ते गिळेपर्यंत त्या समोरच उभ्या होत्या. त्या बाईने आयुष्यभर धरलेली गोष्ट माझ्यासाठी एवढ्या सहज बाजूला ठेवली, आणि नंतर तिचा कधी उल्लेखही केला नाही. मी दही खाल्लं तेव्हा ते मला खारट लागलं, ओव्यामुळे की कशामुळे ते सांगता येणार नाही.

मेटॅडोरमध्ये पावाचे रिकामे ट्रे उभे रचलेले होते आणि आम्ही सगळे त्यांच्यामध्ये बसलो. सासूबाई पुढे ड्रायव्हरशेजारी. ताज्या पावाचा वास नुसता भरून राहिला होता आणि आम्हा दोघींना फक्त एकेक केळं खायची परवानगी होती, कारण दिरांनी पेपरात तसं वाचलं होतं. "उतरल्यावर हवे तेवढे पाव खा," ते म्हणाले. त्या सकाळी त्यांचं हे एकच वाक्य.

मैदानावर एवढी माणसं बघून माझा धीर सुटला. चड्डी-बनियनमधले सडपातळ तरुण जागच्या जागी उड्या मारत होते. बायका थोड्या होत्या, त्यातल्या बऱ्याच कॉलेजच्या मुली, चांगले बूट घातलेल्या. आम्ही जांभळ्या फुलांत, पाठीला सेफ्टी पिनांनी नंबर टोचलेला, वहिनींच्या पायात मुलीचे पीटीचे बूट. कोणीतरी आमच्याकडे बघून हसलं. वहिनींनी ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि मला म्हणाल्या, "सुरुवातीला जोरात पळायचं नाही. भाताला पहिल्यापासून मोठा गॅस ठेवला तर खाली लागतो."

सुटलो तेव्हा सगळे आमच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेले. मरीन ड्राइव्हला समुद्रावरून वारा येत होता. मला तोवर बरं वाटत होतं. रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक टाळ्या वाजवत होते, आणि एकसारख्या कपड्यांमुळे आम्ही त्यांच्या लक्षात यायचो. "बहनें हैं," एक जण बायकोला सांगत होता. वहिनींनी दुरुस्ती केली नाही, मीही नाही.

केम्प्स कॉर्नरचा चढ कसाबसा गेला. हाजीअली गेलं. वरळीला वळसा घालून परत फिरलो आणि तिथे माझं पोट आवळून आलं. नेहमीचं दुखणं नव्हतं. कमरेपासून गुडघ्यापर्यंत कोणीतरी पिळून काढतंय असं वाटत होतं. मी चालायला लागले, मग थांबले, कठड्याला धरून वाकले.

"वहिनी, तुम्ही जा. मी बसते इथे."

"बस आणि?"

"आणि काय, येईल कोणीतरी गाडी घेऊन."

वहिनींनी इकडेतिकडे बघितलं. पाणी वाटणाऱ्या मुलाकडून पेला घेऊन मला प्यायला दिलं. मग माझा दंड धरला आणि मला चालवायला लागल्या. थोडं चालल्यावर म्हणाल्या, "आंबोळ्या करायच्यात."

मला वाटलं त्यांनाही ऊन लागलं.

"आंबोळ्या करायच्यात," त्या पुन्हा म्हणाल्या. "आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. तांदूळ कोणते घेशील?"

"वहिनी, मला खरंच होत नाही."

"कोणते तांदूळ?"

"जाडे," मी म्हटलं.

"बरं. किती धुवायचे? पाणी नितळ येईपर्यंत. धू." त्या थोड्या धावायला लागल्या आणि माझा दंड सोडला नाही म्हणून मलाही धावावं लागलं. "आता उडीद. मेथी किती?"

"चमचाभर."

"चमचाभर जास्त होते. कडू होईल. अर्धा."

असं त्यांनी भिजत घातलं, वाटलं, आंबायला ठेवलं. मग वाटाणे. मग खोबरं. दोन वर्षांत त्या माझ्याशी सगळं मिळून जेवढं बोलल्या नसतील तेवढं त्या रस्त्यावर बोलल्या. कांदा कसा उभा चिरायचा, तव्यावर तो कुठवर भाजायचा, खोबरं करपण्याच्या जरा आधी उतरवायचं ते कसं ओळखायचं. त्यांच्या आईने त्यांना कसं शिकवलं आणि एकदा सगळं करपलं तेव्हा आईने ते शेजारणीपासून लपवून घरच्यांना खुशाल कसं वाढलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मी साताऱ्याच्या पद्धतीने आमटी केली होती, ती त्यांना फार आवडली होती हेही त्यांनी तेव्हा सांगितलं.

"मग तेव्हा का नाही सांगितलं?" मी धापा टाकत विचारलं.

"तेव्हा आपण बोलत होतो कुठे," त्या म्हणाल्या. "तवा तापला. तेल लाव."

पोटातली कळ कधी ओसरली ते मला कळलं नाही. चढ पुन्हा आला तेव्हा सांबाऱ्याला उकळी आली होती. वाटेत एका हॉटेलच्या मागच्या बाजूला वहिनींनी तिथल्या बाईला विचारून मला आत नेलं, घडी बदलून घेतली, आणि पुन्हा निघालो. मरीन ड्राइव्हवर ऊन डोळ्यांवर येत होतं. माझे पाय लाकडाचे झाले होते पण ते चालत होते. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, तू नसतीस तर मी तिथेच बसले असते." तोंडातून "तू" निघून गेलं ते मला मागाहून जाणवलं. त्यांना जाणवलं की नाही माहीत नाही. त्यांनी मला पुन्हा कधी "तुम्ही" म्हणू दिलं नाही, एवढं खरं.

शेवटचं वळण घेतल्यावर समोर मोठं कापडी तोरण दिसलं. दोन्ही बाजूंना गर्दी, बँड वाजत होता. आणि तिथे माझ्या पहारेकरणीने मला सोडलं.

सांगून नाही. त्यांनी ते तोरण बघितलं आणि त्या पळत सुटल्या. ओढणी सुटून मागे उडत होती, कोपर घट्ट अंगाशी, मोठमोठ्या टांगा. त्यांनी दोन कॉलेजच्या मुलींना मागे टाकलं, एका टक्कल पडलेल्या गृहस्थांना मागे टाकलं. एवढा वेळ हे सगळं त्यांच्या अंगात होतं आणि माझ्याबरोबर यायचं म्हणून त्यांनी ते धरून ठेवलं होतं, हे मला तेव्हा दिसलं. मी मागून बघत होते आणि मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्हीसाठी दम नव्हता.

त्या रेषेच्या पलीकडे गेल्या, थांबल्या, आणि शेजारी बघितलं. शेजारी मी नव्हते. मग त्यांचा चेहरा बाजारात मूल हरवलेल्या बाईसारखा झाला. त्या वळल्या आणि उलट्या दिशेने धावत सुटल्या. बिल्ला लावलेला एक माणूस त्यांच्या मागे, "बाई, बाई, तुमचं झालंय, इकडून या." त्यांनी ऐकलं नाही. समोरून येणाऱ्या माणसांना चुकवत त्या माझ्यापर्यंत आल्या.

"मी पुढेच गेले," त्या म्हणाल्या. अगदी ओशाळून गेल्या होत्या. "कशी गेले ते कळलंच नाही गं."

"छान गेलीस," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात धरला आणि त्या दुसऱ्यांदा ती रेषा ओलांडून गेल्या. बिल्ल्याच्या माणसाने हातातल्या कागदाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि पेन खिशात ठेवलं.

सासूबाई दोराला टेकून उभ्या होत्या. त्यांना सगळं दिसलं होतं. त्यांनी मला आधी विचारलं, "बरां असा मां?" मी मान हलवली. मग वहिनींकडे वळून म्हणाल्या, "तू दोनदा कित्याक गेलंस? एकदाच जावचा होता ना?"

वहिनी खाली बघून म्हणाल्या, "ही मागे रवली होती."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "मगे बरोबर," त्या म्हणाल्या.

थोरले दीर गर्दीतून पुढे आले. त्यांनी शर्यत पुरी केल्याबद्दल वहिनींच्या गळ्यात पडलेलं पदक हातात घेऊन उलटंसुलटं करून बघितलं. बायकोशी चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती. "पितळेचं आहे," ते म्हणाले आणि ते हळूच, नीट, पुन्हा तिच्या गळ्याशी सोडलं. मग त्यांनी पावांची पिशवी पुढे केली. आम्ही तिथेच मैदानातल्या गवतावर बसून नुसते पाव खाल्ले. त्यासारखं काही मी नंतर खाल्लेलं नाही.

घरी येईपर्यंत दुपार झाली होती. आम्हाला जिना चढवेना. उलटं वळून, पाठ जिन्याकडे करून एकेक पायरी चढलो आणि गॅलरीतून चाळ बघत होती. कोणी आरती आणली होती, कोणी सरबत. वहिनी सगळ्यांना म्हणत होत्या, "अगो, हिच्या सोबतीला गेले होते मी," आणि पदक ओढणीखाली लपवत होत्या. मुलीने मात्र पांढऱ्या बुटांची दशा बघून डोक्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी शाळेत आपणहून सगळ्यांना ते बूट दाखवले असं तिच्या मैत्रिणीकडून पुढे कळलं.

जेवण झाल्यावर बाहेरच्या खोलीत चटई टाकून आम्ही दोघी आडव्या झालो. पाय भिंतीला वर लावले होते. मला डुलकी लागत होती. तेवढ्यात सासूबाई खोबरेल तेल कोमट करून घेऊन आल्या आणि खाली बसल्या. त्यांनी आधी माझे पाय मांडीवर घेतले आणि पोटऱ्या चोळायला लागल्या. मी उठायला गेले तर म्हणाल्या, "पडून रव." बोटं जाड, खरखरीत, पण नेमकी जिथे गाठ होती तिथे जाऊन थांबत.

मग त्या वहिनींकडे सरकल्या. वहिनी तर ताडकन उठून बसल्या, पाय पोटाशी घेतले. "आई, पायांक हात लावू नकात. बरां दिसता काय तां?"

"कोण बघता?"

"मी बघतंय."

"मगे डोळे मिट," सासूबाई म्हणाल्या.

वहिनींनी पाय हळूच सोडले. मग आडव्या झाल्या आणि खरंच डोळे मिटले. सासूबाईंनी त्यांचा फोड आलेला पाय मांडीवर घेतला, पदराने पुसला आणि अंगठ्यापासून तेल लावायला सुरुवात केली. पंधरा वर्षं ती सून त्या घरात पाणी भरत होती. आतल्या खोलीत दीर आणि माझा नवरा चहा करत होते आणि साखरेचा डबा कुठला यावरून त्यांची हलक्या आवाजात वादावादी चालली होती. वहिनी डोळे मिटूनच म्हणाल्या, "वरच्या फळीवर, निळ्या झाकणाचा," आणि कूस न बदलता झोपून गेल्या.